दोन नारळ

पंचफुलाबाईनं पिशवीतून एक नारळ सगळ्यांसमोर काढून ताटात ठेवला आणि दुसरा हळूच पदराआड करून कोठीमागं सरकवला. म्हातारी गालातल्या गालात हसत होती. आज राळेगावच्या अख्ख्या वस्तीला तोंडात बोट घालायला लावायचं, असा तिचा बेत होता.

धाकट्या सुनेचं, मोनालीचं, आज डोहाळजेवण. सातवा महिना लागला होता. पण पोटात एक नाही, दोन आहेत, हे कुणाला ठाऊक होतं? पोरीनं सासूलाही सांगितलं नव्हतं. म्हातारीनं ते न्हाणीच्या भिंतीआडून ऐकलं होतं. दोघी सुना अंगणात भांडी घासत होत्या आणि मोनाली थोरल्या जावेला, कौसल्याला, म्हणत होती, "ताई, डाक्टरीण म्हणते दोन हायेत, तं दोनच हायेत. आता भेव कायचं? डोहाळजेवणाच्या दिवशी साऱ्यांसमोर सांगू."

जुळी! पंचफुलाबाई ओल्या हातानं तशीच भिंतीला टेकली. इतकी वर्षं या घरात पाळणा हलला नाही आणि आता एकदम दोन! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण म्हातारी मोठी बिलंदर. या पोरी काय सांगतात, त्यांच्या आधी आपणच सांगायचं, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं.

राहिली कौसल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिची कूस काही उजवली नाही. नवऱ्यानं, अश्वजितनं, तिला कधी शब्दानं दुखावलं नाही. ती कसर सासूनं भरून काढली. त्यात अलीकडे कौसल्या फार सुस्तावली होती. अंगानं सुटली होती. कापूस वेचायला गेली की शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून राहायची. पाण्याचा हंडा उचलायची वेळ आली की मोनाली पुढं व्हायची.

"लाज नाही वाटत काय वो तुले?" पंचफुलाबाई कडाडायची. "भरल्या पोटाची पोरगी पाणी भरून राह्यली अन तू पाहून राह्यली!"

"चक्कर येते, आई," कौसल्या मान खाली घालून म्हणायची.

"काहून बोलता तिले?" मोनाली मध्येच तोंड घालायची. "मले डाक्टरणीनंच सांगतलं, हातपाय हालवत जाय म्हणून."

मोनाली यवतमाळला दवाखान्यात निघाली की कौसल्या सोबत असायचीच. दोघी एसटीनं जायच्या आणि येताना चिंचा आणायच्या. चिंचा मोनालीच्या नावानं यायच्या, चिंचोके मात्र कौसल्याच्या खोलीत निघायचे.

"डोहाळे एकीले अन मिटक्या दुसरीच्या!" म्हातारी शेजारणींना सांगायची. "अशी हावरट बाई मी जल्मात नाही पाह्यली."

दुपारी बाया जमल्या. बुद्धवंदना झाली. फुलांचे दागिने घालून मोनाली खुर्चीत बसली. ओटी भरायला सुरुवात झाली. शेजारच्या दीपमालानं भरली, मोनालीच्या आईनं भरली, आणखी दोघींनी भरली. पाचवी म्हणून कौसल्या हात पुसत स्वयंपाकघरातून पुढं आली.

"तू कायले आली?" पंचफुलाबाई तिला आडवी झाली. "जाय, पुऱ्या पाह्य."

पंचफुलाबाईच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तेव्हाच या घरातले सगळे देव नदीत गेले होते. पण ही एक रीत म्हातारीनं पदराला गाठ मारून जपली होती. मूल नसलेल्या बाईचा हात ओटीला लागू द्यायचा नाही, म्हणजे नाही.

कौसल्या जागच्या जागी थांबली. तिचे डोळे भरून आले.

"ताईनं ओटी भरल्याबिगर मी इथून उठत नाही," मोनाली म्हणाली.

मोनालीचा नवरा राजदीप दारातून आत डोकावला. त्याच्या मागं अश्वजित ओठ घट्ट मिटून उभा होता.

आता मात्र पंचफुलाबाईला हुकमाचं पान टाकणं भाग होतं. ती कोठीमागून दुसरा नारळ घेऊन आली आणि दोन्ही हातांत दोन नारळ धरून मधोमध उभी राहिली.

"ऐका वो बायांनो! या पोरी लपवून राह्यल्या, पण माह्या कानाले सारं समजते. एक नाही, दोन हायेत! जुळे हायेत माह्या घरी!"

एकच गलका झाला. दीपमाला टाळ्या पिटायला लागली. राजदीपनं आ वासला तो मिटेचना. मोनालीच्या आईनं पदर डोळ्याला लावला. म्हातारीची छाती आनंदानं भरून आली. उभ्या जन्मात एवढा मान तिला मिळाला नव्हता.

"म्हणून म्हणतो, लय जपा लागते," तिनं आवाज चढवला. "दोन जिवांचं काम हाय. अशा ओटीले रिकाम्या कुशीचा हात लागू देऊ काय मी? तुमीच सांगा!"

आणि तिनं दोन्ही नारळ स्वतःच्या हातानं मोनालीच्या पदरात टाकले.

मोनाली उठली. पदर सावरत ती कौसल्याजवळ गेली. तिनं जावेचा पदर पुढं ओढला, पसरला आणि आपल्या ओटीतला एक नारळ त्यात ठेवला. मग दुसराही ठेवला. कौसल्यानं दोन्ही हातांनी ते पोटाशी धरले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा सासूच्या डोळ्याला डोळा दिला.

"तुमी ऐकलं ते खरं हाय, आई," मोनाली हसत म्हणाली. "पण माह्या पोटात एकच हाय. हे दोन ताईचे."