ताई सुटली

पहिला फटका दाजींच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. दाजी इस्पितळाच्या जिन्यात पाण्याचा जग घेऊन उभे होते आणि हसत होते. त्या हसण्यानंच मारणाऱ्याचं डोकं फिरलं. जग फुटला, पाणी पायऱ्यांवरून वाहत गेलं आणि त्या पाण्यात दाजी आडवे झाले.

मारणारा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. गाड्यांचे पोचे काढणं हा त्याचा धंदा, त्यामुळे दणका कुठे आणि किती जोराचा द्यायचा हे त्याच्या हाताला पाठ होतं. पंधरा मिनिटांपूर्वी गॅरेजमध्ये वॉर्डातल्या आया मावशींचा फोन आला होता. चहूबाजूंनी पत्रे ठोकले जात होते. "या लवकर," मावशी ओरडून म्हणाल्या, "ताई सुटली." तो लाकडी हातोड्यासकट पळत सुटला.

सहा महिने ताई डायलिसिसच्या मशीनवर होती. आजार ल्युपसचा. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं, की शरीराची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे घरचा राखणदार, तोच पिसाळलाय, घरच्या माणसांना चोर समजून झोडपतोय, आणि सध्या त्यानं दोन्ही किडन्यांना धरलंय. औषधांनी तो शांत झाला तर काहींच्या किडन्या पुन्हा चालू होतात, पण भरवसा देता येत नाही. असला कसला बिनडोक राखणदार, असं भाऊ तेव्हा म्हणाला होता.

राग मात्र त्यानं दाजींवर धरला. दाजींचं लाँड्रीचं दुकान. ताईचे पाय सुजले तेव्हा, दिवसभर इस्त्रीला उभी असते म्हणून सुजले असतील, असं म्हणत त्यांनी दोन महिने घालवले होते. तिला काही झालं तर तुम्हाला सोडणार नाही, हे त्यानं तोंडावर सांगितलं होतं. दाजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ते ताईला, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, दिवसाला मोजून तीन पेले पाणी देत, तिची लघवी मापाच्या भांड्यात धरत आणि वहीत लिहीत. कित्येक पानांवर नुसती शून्यं होती. त्या वहीकडे त्यानं कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

"ती गेली आणि तू हसतोस?" तो म्हणाला. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं.

दाजींच्या तोंडात रक्त होतं. "अरे, तिला पाणी..." एवढंच त्यांना बोलता आलं. पुढचं ऐकायला तो थांबला नाही. मांड्या, पाठ, दंड, जिथे मिळेल तिथे तो हाणत राहिला. हातोडा निसटला तेव्हा लाथांनी हाणलं. दोन रखवालदारांनी मिळून ओढलं तरी तो आवरेना.

मग वरून पावलं वाजली. कठडा धरून, एकेक पायरी उतरत, ताई खाली आली. आपल्या पायांनी आली. तो तिच्याकडे बघतच राहिला आणि त्यानं उचललेला पाय खाली टेकवला.

ताईनं आधी फुटलेला जग पाहिला, मग नवरा पाहिला.

"मशीन सुटलं रे माझं," ती म्हणाली. "आज पोटभर पाणी प्यायचं होतं. तेच आणायला गेले होते हे." ती दाजींपाशी खाली बसली. "एक शब्द विचारायचास तरी."

पोलिसांना दाजींनी सांगितलं, जिन्यावरून पडलो. पायऱ्या ओल्या होत्याच, आणि दाजींनी हात जोडल्यावर रखवालदारांनीही तेच सांगितलं, त्यामुळे ते खपून गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांची लघवी बंद झाली. मार एवढा लागला होता की ठेचलेल्या मांसातला गाळ किडन्यांत जाऊन बसला होता, असं डॉक्टर म्हणाले. निघेल किंवा नाही निघणार. ताईची खाट रिकामीच होती. दाजींना तिथेच, त्याच मशीनला जोडलं.

आता भांडं ताईच्या हातात आलं, आणि वहीसुद्धा. ती भावाशी बोलत नव्हती. तो रोज येऊन दाराशी उभा राही आणि लांबूनच वहीचं पान बघून जाई. दोन आठवडे शून्यं. मग एक दिवस पन्नास मिलिलिटर. मग दोनशे. पुढच्या आठवड्यात आकडा आठशेवर गेला. तरी त्याला रात्री झोप येत नव्हती.

चोविसाव्या दिवशी गॅरेजमध्ये फोन वाजला. नंबर मावशींचा होता. त्यानं हात वर करून सगळ्यांचं ठोकणं थांबवलं.

"या लवकर," मावशी म्हणाल्या. "दाजी सुटले."

त्यानं हातातला हातोडा आधी खाली ठेवला.

"कशातून, मावशी?" त्यानं विचारलं.