पृथ्वीगोलावरचा दोरा

"लेक कुठवर आला हो?" अंथरुणाला खिळलेल्या बायकोनं पुन्हा विचारलं. भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनी पृथ्वीगोल उशाशी सरकवला. लेकाकडच्या विमानतळापासून इथल्या विमानतळापर्यंत त्यांनी दोरा ताणला होता: सात हजार किलोमीटर, नऊ तास. दोऱ्यातला लाल मणी ते तासातासाला बोटभर पुढे ढकलत. "समुद्र ओलांडला बघ." पण सकाळीच लेकाचा फोन आला होता, "बाबा, यायला जमत नाही." आयुष्यभर नकाशात सूतभर चूक न चालणाऱ्या मास्तरांना ते सांगवेना, म्हणून विमान दोऱ्यावरच उडालं होतं. नववा तास भरत आला. मणी विमानतळाला टेकणार, तोच तिनं त्यांचं मनगट धरलं. "अहो, सकाळी मी जागीच होते. दोरा सोडा, गोलाच्या पलीकडच्या बाजूनं लावा. तिकडून लांब पडतं ना? त्या वाटेनं आणा त्याला. तोवर थांबते मी."