शब्द नसलेलं गाणं

मिरकरवाड्याच्या बंदरात शिरताना इतर बोटींवर कोळीगीतं वाजायची. हितेश मात्र भोंग्यावर कुठल्याशा जुन्या अमेरिकन सर्फ बँडची धून लावायचा. नुसती गिटार, लाटेसारखी अंगावर येणारी.

"ह्यात शब्दच नाय रे," त्याची आई गुणवंती कुरकुरायची.

"आहेत की," तो हसायचा. "आये, भात टाक!"

आजही गिटार वाजली, तशी गुणवंतीने दोन माणसांचे तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले. थोड्या वेळाने रमाकांत दारात आला. हितेश गेल्यावर त्याची बोट ह्यानेच विकत घेतली होती.

"काकी, तुम्हाला त्रास होत असेल. उद्यापासून दुसरं लावतो, शब्दांचं."

"नको," ती म्हणाली. "ह्यातले शब्द मला पाठ आहेत."