माहेरचा पारा

खाडीकाठच्या लोकांच्या रक्तात मासे खाऊन खाऊन पारा साठतो, अशी बातमी भय्यासाहेबांना मोबाइलवर आली आणि त्यांना आयतंच निमित्त मिळालं. सून मधुरा खाडीकाठचीच, त्यात पोटुशी, आणि डोहाळे लागले होते ते नेमके सुक्या बोंबलांचे.

"सूनबाई, तुमच्या आईंनी पाठवलेले ते बोंबील आजपासून एकदम बंद," ते गरजले. "पारा म्हणजे जहर! सीधा बाळाच्या डोक्यात जातो."

नाकाला उपरणं लावून त्यांनी डबा स्वतः कचरागाडीत उपडा केला. तेवढ्यावर कसलं भागतंय! सुनेचं रक्तही तपासायला पाठवायचं ठरवलं.

"मग तुम्हीही देऊन टाका, बाबा," मधुरा अगदी गोड आवाजात म्हणाली. "फरक तरी कळेल."

भय्यासाहेबांनी मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. त्यांच्या घराण्यात सात पिढ्या कुणी मासळीकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

रिपोर्ट आले. सुनेच्या रक्तात पारा नावापुरता होता, सासऱ्यांच्या रक्तात भरपूर. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "भय्यासाहब, आप मछली बहुत खाते हैं क्या?"

"शिव शिव शिव!" भय्यासाहेबांनी फोन आपटला आणि मन शांत करायला तडक देवघर गाठलं.



देवास गेटच्या बाजारातून हौसेने आणलेल्या पाऱ्याच्या शिवलिंगावर त्यांनी रोजच्यासारखं दूध ओतलं, ते तीर्थ गटागटा प्यायले, आणि आज मुद्दाम उरवलेली अर्धी वाटी बाळाच्या डोक्यासाठी चांगली म्हणून सुनेकडे पाठवून दिली.