काप कुठे आहे

वन्संचं भाषण आता नद्यांपर्यंत येऊन पोचलं होतं. हवा, पाणी, पुढची पिढी, काही म्हणून सोडलं नव्हतं. समोर बसलेल्या खरेदी-अधिकारी बाई मान डोलावत होत्या, पण वहीत एक अक्षर लिहीत नव्हत्या. त्यांच्या दुकानांची ऑर्डर मिळाली तर हे शिवणघर चालणार होतं, नाहीतर महिनाअखेरीला कुलूप. वन्संनी आठ दिवस आरशासमोर तालीम केली होती ती उगीच नव्हे.

वहिनी मशीनवर होती. शिवायचं वहिनीने आणि बोलायचं नणंदेने, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. भंगारवाल्याच्या गोदामातून लहान मुलांच्या गरम कोटांचे जुने गठ्ठे यायचे. एकदाही अंगावर न चढलेले कोट, पण प्रत्येकाला एक लांब काप. तो काप वहिनी रंगीत धाग्याने असा सांधायची, की बघणाऱ्याला ती नक्षीच वाटावी.

"पण सुरुवात कशी झाली?" बाईंनी मध्येच विचारलं. "प्रत्येक कोटाबरोबर आम्ही एक कार्ड देतो. त्यावर काय छापू? पृथ्वी वाचवायला तर हल्ली सगळेच निघालेत."

तालमीत हा प्रश्न नव्हता. वन्संनी वहिनीकडे पाहिलं.

वहिनी नवा गठ्ठा सोडत होती. वरचा कोट घेऊन तिने न उलगडताच काखेखाली खडूची खूण केली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. बाई उठल्या आणि त्यांनी पहिला कोट उलगडून बघितला. काप नेमका खुणेच्या खाली होता.

"न बघता कसं कळतं हो तुम्हाला?"

वहिनीने खडू खाली ठेवला. ती पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिवायला होती, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. खरं सांगितलं तर ऑर्डर जाणार, वन्संच्या मनातून आपण उतरणार ते वेगळंच. तिला भीती वाटली. पण लपवून लपवून ती आता कंटाळली होती.

"न खपलेला माल कुणी स्वस्तात विकू नये, फुकट वापरू नये, म्हणून कारखाना तो फाडून टाकायचा," ती म्हणाली. "बाकीच्या बायका पाठीवर पातं चालवायच्या. काखेखाली चालवायची सवय माझी एकटीची. मी तिथे शिवायला नव्हतेच, वन्सं. जिचा गठ्ठा तिनेच बांधायचा; ही गाठ माझी, हे काप माझे आहेत."

वन्संनी दुसरा कोट उलगडला, मग तिसरा; दोन्हींचे काप काखेखालीच होते.

बाईंनी कापावरून बोट फिरवलं. "हे कार्डावर छापलं तर लोक नावं ठेवतील तुम्हाला."

"ठेवू देत."

"आणि मी ऑर्डर दिलीच नाही तर? बंद कराल हे सगळं?"

वहिनीने कोट सुईखाली सरकवला आणि दोरा ओवला.

"बंद कसं करू? सात वर्षं फाडत होते, बाई. शिवायला लागून आत्ताशी तीनच झालीत."