हुसेन ड्रेसरची जबानी

"हे पान राहू दे," डॉक्टर रमण प्रधान म्हणाले, आणि वजीराला वाटलं, सापडला.

बरक्या गावाजवळच्या एका इस्पितळात डोंगरी सरहद्दीवर लढलेले म्हातारे सैनिक शेवटचे दिवस काढायचे. २०१५ साली इस्पितळाला चाळीस वर्षं होत होती. त्याचा इतिहास छापायचं ठरलं, तेव्हा जुनी दफ्तरं चाळायचं काम नर्स वजीराने स्वतःहून मागून घेतलं. सगळ्यांना तिचं कौतुक वाटलं. तिच्या मनात काय शिजतंय, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तिचे अब्बा हुसेन तिथेच ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारे, होते, अम्मी हाफिजा नर्स. चुकीचं इंजेक्शन देऊन एका सैनिकाचा जीव घेतला, असा ठपका ठेवून प्रधानांनी अब्बांना घरी पाठवलं. पाठोपाठ अम्मीही नोकरी सोडून आली. दापोलीजवळच्या गावात लोक अब्बांना 'सुईवाला' म्हणू लागले. त्यांच्या हातून कुणी साधी मलमपट्टीही करून घेईना. ओटीवर मान खाली घालून बसलेले अब्बा, एवढंच वजीराने पाहिलं. ते गेले, तेव्हा तिने अम्मीला विचारलं होतं, हे कुणी केलं? अम्मी एवढंच म्हणाली, डॉक्टरने. पुढे वजीराने याच इस्पितळात नोकरी धरली, तेव्हा अम्मी दोन दिवस जेवली नव्हती. जुन्या दुःखाची खपली निघाली असेल, असं वजीराला वाटलं होतं.

आता ऐंशी वर्षांचे प्रधान आठवणी सांगायला मुद्दाम पुण्याहून आले होते. समारंभात त्यांचा सत्कार व्हायचा होता. त्याआधी त्यांचं पाप त्यांच्या तोंडावर वाचावं आणि मग छापावं, याची वजीरा नोकरीला लागल्यापासून तीन वर्षं वाट पाहत होती. आपण कुणाची मुलगी ते तिने सांगितलं आणि प्रधान राहू दे म्हणाले तेच पान मोठ्याने वाचायला घेतलं.

जबानी अब्बांच्याच अक्षरात होती. इंजेक्शन मी दिलं. खाली सही. मागे त्या दिवसाचा ड्यूटीचा तक्ता टाचलेला होता. हुसेन, सुट्टी. वॉर्डात एकच नाव होतं. सिस्टर हाफिजा.

वजीराने वाचणं थांबवलं.

"तुझ्या वेळचा सातवा महिना होता तिला," प्रधान म्हणाले. "हुसेनने माझे पाय धरले. तो म्हणाला तसं मी लिहून घेतलं."

संध्याकाळी अम्मीचा फोन आला. जुन्या फायली मिळाल्या का, असं तिने इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं. हल्ली ती रोजच विचारायची. वजीराने फाइल मिटून ठेवली.

"अब्बांची जबानी मिळाली, अम्मी," ती म्हणाली. "त्यांनी लिहिलंय, तेच राहील."