अर्धी गवाही

“एका बाईची गवाही अर्धी,” हाजी गौस म्हणाले. “अर्ध्या गवाहीवर मयत कोल्हापूरभाईर न्यायची न्हाय.”

हाजराबी आतल्या खोलीत चादरीखाली होती. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले होते. तिची मुलगी तस्लीम मधल्या उंबऱ्यावर उभी होती. पहाटे अम्मानं दोन घोट पाणी घेतलं आणि म्हणाली, मला कोडोलीला ने, माझ्या आईशेजारी ठेव. तस्लीमनं पुरुषांना एवढंच सांगितलं होतं.

“आणि कुणी ऐकलं?” हाजींनी विचारलं. जमातीत त्यांचा शब्द चालायचा.

तस्लीमनं मागं वळून चादरीकडे बघितलं.

दस्तगीर खुर्चीवर बसला होता. हाजराबीचा नवरा, तस्लीमचा बाप. तस्लीम शाळेत असताना त्यानं दुसरं लग्न केलं आणि खुर्शीदला घरात आणलं. त्याच आठवड्यात हाजराबी लेकीचा हात धरून या दोन खोल्यांत आली. त्यानं तिला तलाक दिला नाही आणि न्यायलाही आला नाही. आज मात्र तो इचलकरंजीहून, यंत्रमागाच्या शेडमधून, थेट आला होता. शर्टाला सूत तसंच चिकटलेलं होतं.

“कबरस्तानात जागा कवाच बघून ठेवलीया,” तो म्हणाला. “मधी मी. एका अंगाला हाजरा, दुसऱ्या अंगाला खुर्शीद. माझी बायको हाय ती. माहेरात नेऊन पुरली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“अम्मा सहा महिने अंथरुणावर होती, अब्बा. तेव्हा नाही आठवली बायको?”

“आवाज खाली,” हाजी म्हणाले. “मयतीचं घर हाय.”

तस्लीमनं आवाज खाली घेतला. “चाचा, कुराणातली ती आयत मी वाचली आहे. दोन बायकांची गवाही उधारीच्या व्यवहाराला सांगितली आहे. मरणाऱ्या माणसाच्या शेवटच्या शब्दाला नाही.”

हाजी हसले. मग बाकीचे हसले.

“कॉलेजात शिकवतीस म्हणून आता आम्हालाबी शिकवणार व्हय? बरं, तुझी हौस अपुरी कशाला ठिवायची? आण दुसरी बाई. दोघी मिळून एक गवाही पुरी हुईल. मी स्वतः खांदा देतो आणि कोडोलीला नेतो.”

दुसरी बाई नाही हे ओळखूनच ते बोलले होते. तस्लीमनं भिंतीकडे बघितलं. तिथं तिची पुस्तकं छतापर्यंत रचलेली होती. त्यांतलं एकही पुस्तक उठून तिच्या बाजूनं बोलणार नव्हतं. आईचं शेवटचं वाक्य तिनं एकटीनं ऐकलं होतं, म्हणून ते अर्धं होतं. आज अम्माच्या कबरीवर माती टाकायलाही हेच पुरुष जाणार होते. तिनं फक्त गल्लीच्या तोंडापर्यंत यायचं होतं.

आत भांड्याचा आवाज झाला. आत खुर्शीद होती.

सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून हाजराबीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा सगळ्यांत आधी दारात आली ती खुर्शीद. तस्लीमनं तिला आत या म्हटलं नाही. “आता काय न्यायचं राहिलंय?” एवढंच म्हणाली. खुर्शीदच्या हातात कापराची पुडी आणि बोरीचा पाला होता. ती आत गेली आणि मयतीच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. या घरात तिचं नाव कधी निघत नसे. हाजराबी तिला ‘ती’ म्हणायची. तस्लीम तेवढंही म्हणायची नाही.

आता ती हात पुसत उंबऱ्यावर आली आणि तस्लीमच्या शेजारी उभी राहिली.

“मीबी ऐकलं,” ती म्हणाली.

दस्तगीर ताडकन उठला. “तू? तू कवा आलतीस हितं?”

“काल सांजंला. तुमी इचलकरंजीला गेला, त्येच्या मागनं.”

“मला न इचारता?”

“मरणाऱ्या बाईला बघायला कशाला इचारायचं?”

हाजींचं हसू गेलं होतं. “खुर्शीद, नीट ध्यानात घे. अल्लाला हाजिर ठिवून सांगायचं. काय म्हणाली हाजरा?”

खुर्शीदनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. खाली बघून, एकेक शब्द सुटा ठेवत ती म्हणाली, “मला कोडोलीला ने. माझ्या आईशेजारी ठेव.”

हाजी गौस दस्तगीरकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“गाडी सांगा,” ते म्हणाले.

“घरला ये तू,” दस्तगीर खुर्शीदला म्हणाला. “मग बघतो तुला.”

“येणारच की. कुठं जाणार?” खुर्शीद वळली. “आणि त्या दुसऱ्या अंगाची जागाबी कुणाला तर देऊन टाका.”

तिनं आतून दार लावून घेतलं.

पाणी कोमट झालं होतं. दोघींनी हाजराबीला उजव्या बाजूनं धुवायला सुरुवात केली. तस्लीम तांब्यानं पाणी सोडत होती, खुर्शीद चादरीखालून हात फिरवत होती. बाहेर पुरुष गाडीच्या भाड्यावरून बोलत होते.

“तुम्ही तर तेव्हा नव्हतात इथं,” तस्लीम हळूच म्हणाली. “अल्लाला हाजिर ठेवून खोटं बोललात.”

खुर्शीदनं हाजराबीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

“तू हुतीस की,” ती म्हणाली.